हाताचा काय संबंध

त्या वर्षी ऊन वेळेआधीच चढलं. अंगावर वर्षभराची लोकर घेऊन मेंढ्या सकाळपासूनच धापा टाकायला लागल्या, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहायला लागल्या, आणि कळपवाल्यांची एकच घाई उडाली. ज्याला त्याला आपलीच मेंढरं आधी कातरून हवी होती. अशा दिवसांत उस्तादाच्या दाराशी माणसं बसून राहायची. यंदाही आली. पण येणारा आधी उस्तादाच्या उजव्या हाताकडे बघायचा आणि मग तोंड उघडायचा.

हात दिसायला धडधाकट होता. मनगट जाड, बोटं लोकरीतल्या तेलानं मऊ झालेली. तरुणपणी ह्या हातानं तो मेंढीच्या अंगावरची लोकर एकसंध उतरवायचा, घोंगडीसारखी. त्यावरून त्याला उस्ताद म्हणायला लागले, आणि लग्न होऊन बायको आली तेव्हा चेष्टेनं तिचं उस्तादीण केलं. चेष्टा विरली, नाव राहिलं.

गेल्या हंगामाच्या शेवटी त्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडायला लागली. आधी मुंग्या यायच्या, मग काहीच यायचं नाही. कातर हातात आहे की गळून पडली, हे त्याला खाली बघून कळायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मनगट दाबून, वाकवून पाहिलं. म्हणाला, शीर दबलीय, जन्मभर एकच काम केल्यामुळं. आता हाताला आराम द्या.

बाहेर येऊन उस्ताद म्हणाला, "आराम द्या म्हणे. हा काय पाहुणा आलाय माझ्याकडं?"

उस्तादीण हसली होती. तेव्हा हसता येत होतं.

आता काम उलटं झालं होतं. तो मेंढी पकडून आणायचा, पाय बांधून कुशीवर पाडायचा, गुडघ्यानं दाबून धरायचा. कातर चालवायची ती. तिला काम येत होतं, पण त्याच्यासारखं नव्हतं. तिचे तुकडे पडायचे. पोटाखालची लोकर काढताना वाकून वाकून कंबरेत चमक भरायची, मग ती दोन्ही हात मांड्यांवर टेकून थोडा वेळ तशीच राहायची. आडवी पडलेली मेंढीही गप्प, हीही गप्प. उस्ताद त्या वेळी दुसरीकडे बघायचा. बायको दमलेली बघणं त्याला जड जात नव्हतं. ती त्याच्या वाट्याच्या कामानं दमलीय, हे जड जात होतं.

दोघांची एकुलती लेक शहरात शिवणकामाच्या कारखान्यात होती. तिनं फोनवरूनच एक मशीन मागवलं. बॅटरीवर चालणारं, मेंढ्या कातरायचं. हंगामाला अवकाश असतानाच खोकं घरी आलं. उस्तादानं ते उघडून बघितलं, पुसलं, परत खोक्यात ठेवलं आणि फळीवर चढवलं.

"चालवून तरी बघा," उस्तादीण म्हणाली.

"कशावर बघू? तुझ्या केसांवर?"

पण रोज जेवण झालं की तो खोक्याकडे एक नजर टाकायचा, हे तिनं पाहिलं होतं.

मशीन पहिल्यांदा बाहेर निघालं ते माळावरच्या मोठ्या कळपात. कळपाचा मालक बोलायला फटकळ, पण दरसाल काम ह्यांनाच द्यायचा. मेंढवाड्याच्या काट्याकुपाटीच्या कुंपणाला टेकून तो बघत उभा राहिला. उस्तादानं मशीन पूर्ण मुठीत धरलं. बोटांनी चिमटायचं काही कामच नव्हतं. नुसतं ढकलत न्यायचं. पहिली मेंढी झाली. दुसरी झाली. लोकर खाली घसरायला लागली आणि उस्तादाच्या तोंडावर असं काही आलं, की बांधलेले पाय सोडता सोडता उस्तादीण क्षणभर थांबली.

मग मशीन तापायला लागलं. आवाज बदलला. लोकर कापायच्या ऐवजी ते ओढायला लागलं, मेंढी पाय झाडायला लागली. उस्तादानं हात उचलून परत लावला. पुन्हा ओढलं. त्यानं तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मेंढी ओरडली, आणि पांढऱ्या कातडीवर बोटभर लांब लाल रेघ उमटली. बघता बघता तिचे ओघळ झाले.

उस्तादिणीनं धावत जाऊन जांभळ्या औषधाची बाटली आणली. मालकही आला. त्यानं जखम बघितली, मग मशीन बघितलं, मग हात बघितला.

"गाभण आहे ती, उस्ताद."

"सांभाळूनच लावलं होतं," उस्ताद म्हणाला.

"असेल. पण हात गेला तुमचा. राग मानू नका." मालक तेवढा वाईट माणूस नव्हता; आवाज खाली आणून तो पुढे म्हणाला, "असं करा, तुम्ही धरायचं काम करा. कातरायला मी त्या दोघा भावांना बोलावतो."

ते दोघे भाऊ खालच्या रस्त्याकडचे. मोटारसायकलीमागं जनरेटर बांधून मशीननं मेंढ्या कातरत फिरायचे. दुपारी आलेही. उस्ताद त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेंढ्या पकडून त्यांच्या पुढ्यात आणून देत राहिला. धाकट्या भावाचं वय त्याच्या लेकीएवढं होतं. तो एकदा म्हणाला, "काका, जरा पाय नीट धरा ना." उस्तादानं पाय नीट धरले.

घरी आल्यावर त्यानं मशीन खोक्यात भरलं आणि खोकं खाटेखाली सरकवलं.

"लेकीला काही सांगू नकोस."

"का? मशीनच खराब असेल."

"मशीन नवं आहे. दोन मेंढ्या नीट झाल्या ना? मग मशीनला काय झालंय?" तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "माझाच हात दाबतोय कुठंतरी. मला कळतच नाही तो किती दाबतो ते."

तिलाही खात्री नव्हती. तिनं भांडी घासली, कंबरेला पट्टा बांधला, आणि अंग टाकलं तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की उद्या परत उठायचंय.

त्यानंतर लहान लहान कामं मिळत गेली. कुणाच्या चार मेंढ्या, कुणाचा एखादा मेंढा. ऊन वाढत होतं. लोकरीत अडकलेली कुसळं तिच्या मनगटांत रुतायची, घाम त्यावरून गेला की आग व्हायची. उस्ताद बोलायचाच बंद झाला. कुणी विचारलं तर "हं" म्हणायचा. कातरीला धार लावायचं काम तेवढं त्यानं कुणाला दिलं नाही. ओट्यावर बसून दगडावर तासभर घासत बसायचा. बधिर बोटांनी धार बघता येत नाही म्हणून ओठाला लावून बघायचा. ते बघवत नाही म्हणून ती आत निघून जायची.

शेवटी तिनं लेकीला सांगितलंच. लेक म्हणाली, "आई, परत द्यायची मुदत तर केव्हाच उलटली. तुम्ही एवढे दिवस चालवूनच बघितलं नाहीत ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तरी मी नंबर पाठवते. माझी इथं फोन हातात घेतला तरी हजेरी कापतात. तूच करून बघ."

फोनला रेंज घरामागच्या टेकाडावर तेवढी यायची. उस्तादीण मशीन पिशवीत घालून वर गेली. तिथं एक सपाट दगड होता, तो चटका देत होता. पिशवी खाली घालून ती बसली. फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग गाणं लागलं. गाणं संपेना. मध्येच फोन कटला. पुन्हा लावला; पुन्हा ती बाई, पुन्हा ते गाणं. खाली वाटेनं दोघे भाऊ मोटारसायकल उडवत गेले. तिला वाटलं, आपण इथं उन्हात बसून गाणी ऐकतोय, कुणी बघितलं तर काय म्हणेल.

गाणं एकदम थांबलं. "नमस्कार, बोला. काय मदत करू?"

खरं माणूस आलं की काय बोलायचं, हे तिनं ठरवलंच नव्हतं. ती म्हणाली, "मशीन मेंढी कापतंय."

पलीकडची बाई चपापली. "मेंढी कापतंय?"

"म्हणजे लोकर कापायचंय ना. ते कातडी कापतंय."

"अच्छा. थांबा हं, ताई. सावकाश सांगा. ऑर्डर नंबर आहे का जवळ?"

लेकीनं पाठवलेला नंबर वाचायला फोन कानापासून काढावा लागायचा, आणि काढला की पलीकडचं ऐकू यायचं नाही. अर्धा नंबर सांगून झाला की ती विसरायची कुठवर आलो. दोनदा चुकला. पलीकडची आता ओरडेल, असं उस्तादिणीला वाटत होतं. दवाखान्यातली खिडकीवरची बाई ओरडायची, तशी.

"काही घाई नाही," पलीकडची म्हणाली. "दोन दोन आकडे सांगा. मी लिहून घेते."

तसं केल्यावर नंबर लागला. पलीकडे टकटक आवाज झाला. "मुदत संपलीय हो, ताई."

"माहितीय." उस्तादीण उठायलाच लागली. "लेकीनं सांगितलं होतं. ठेवते."

"ठेवू नका, ठेवू नका. मुदतीचं मी बघते. आधी मला सांगा, झालंय काय?"

ती परत बसली. सांगायला लागली. मशीन तापतं, लोकर ओढतं. पहिल्या दोन मेंढ्या नीट झाल्या, मग बिघडलं. पलीकडची मध्ये मध्ये "हं, हं" करत होती. चालवतं कोण, तिनं विचारलं. नवरा, हिनं सांगितलं. आणि मग का कोण जाणे, न विचारताच बाकीचंही सांगत गेली. बोटं बधिर झालेली, शीर दबलेली, मालकानं तोंडावर हात गेला म्हटलेलं, धार ओठाला लावून बघतात ते. शेजारणीलासुद्धा तिनं ह्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिचीच तिला लाज वाटली.

"तुम्हाला कशाला सांगतेय मी हे."

"सांगा की. मला उपयोगच आहे त्याचा." पलीकडची म्हणाली. "मशीन आहे का आत्ता जवळ? चालू करून फोन जवळ धरा बरं."

तिनं मशीन चालू केलं. टेकाडावरच्या शांततेत ते घरघरलं, आणि खाली बांधलेल्या घरच्या दोन मेंढ्या दचकून ओरडल्या.

"मेंढ्या जवळच आहेत वाटतं," पलीकडची हसली. "ताई, खरं सांगू का? मला मशीनमधलं काही कळत नाही. मी लोकांचे फोन घेते, तेवढंच. पण आमच्याकडं दुरुस्तीच्या खात्यात एक काका आहेत. मी त्यांना गाठते आणि तुम्हाला परत फोन करते."

परत फोन करते, हे उस्तादिणीनं आयुष्यात पुष्कळदा ऐकलं होतं. "इथं रेंज नसते," ती म्हणाली. "मी रोज टेकाडावर येऊन बसू शकत नाही. काम असतं."

"काम किती वाजता सुटतं तुमचं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. "ऊन उतरलं की," ती म्हणाली.

"मग उद्या ऊन उतरलं की वर या. आणि येताना तुमच्या यजमानांनाही घेऊन या. मशीन ज्यांच्या हातात असतं, त्यांच्याशीच बोलायला हवं."

दुसऱ्या दिवशी उस्ताद ऐकेना. "तुला काय वेड लागलंय? ते लोक फोनवर काय बघणार? आणि मी काय सांगू त्यांना, माझा हात गेलाय, पैसे परत द्या?"

"तुम्ही काहीच सांगू नका. नुसते चला."

"मला नाही यायचं."

दिवसभर ती एका उकिरड्याशेजारच्या वाड्यात ओणवी होऊन दोन मेंढे कातरत होती. मेंढ्यांनी शिंगांनी तिच्या नडगीवर निळं-काळं केलं होतं. तिला भांडायचं त्राण नव्हतं. पिशवी उचलली आणि म्हणाली, "माझ्यानं एकटीनं नाही व्हायचं हे आता. कातरणंही नाही आणि टेकाड चढणंही नाही." आणि चालायला लागली.

निम्म्या चढावर मागून पावलं ऐकू आली. तिनं वळून बघितलं नाही. वळली असती तर तो परत फिरला असता.

दोघं दगडावर बसली. ऊन उतरलं. फोन वाजला नाही. खाली धूर दिसायला लागला, माणसं घरी परतताना दिसायला लागली. उस्ताद पायाखालचे खडे खाली भिरकावत बसला होता. "चल," तो म्हणाला आणि उठला, आणि फोन वाजला.

"ताई, माफ करा हं, उशीर झाला. काकांना पकडून ठेवायला लागलं, ते घरीच निघाले होते." पलीकडे गडबड ऐकू आली. "माझीही ड्यूटी संपलीय, म्हणून दुसऱ्या फोनवरून बोलतेय. आहेत का तुमचे यजमान?"

उस्तादिणीनं फोन मोठ्या आवाजावर केला आणि नवऱ्यापुढं धरला. त्यानं घेतला नाही. फोनमधून एक घोगरा आवाज आला.

"कोण कातरतं मेंढ्या?"

उस्ताद परत दगडावर बसला. मग म्हणाला, "मी."

"किती वर्षं?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"बरं. मला सांगा, ओढतं ते कुठल्या अंगानं ओढतं? टोकाला का बुडाशी?"

उस्तादानं बायकोकडे बघितलं. मग पिशवीतून मशीन काढलं. "बुडाशी. डाव्या अंगाला."

"दर वेळी डाव्याच अंगाला?"

"हो."

"आता बंद ठेवा. वरचं पातं आणि खालची फणी, दोन्हींच्या मधे डाव्या बाजूनं नख घालून बघा. जातं का?"

त्यानं उजव्या हाताचं नख घातलं, कळेना. डाव्या हातानं घातलं. "जातं."

"उजव्या बाजूनं?"

"नाही जात."

"संपलं तर मग," घोगरा आवाज म्हणाला. "पात्याखाली पट्टी असते, ती कारखान्यातच तिरपी बसलीय. थंड असतं तोवर चालतं. तापलं की डावी बाजू उचलते, मग ते लोकर कापत नाही, कातडी आत ओढून घेतं. त्या खेपेच्या मालाच्या दोन-चार तक्रारी माझ्याकडं आल्यात."

उस्ताद मशीनकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, बायकोलाही जेमतेम ऐकू गेलं, "म्हणजे हातामुळं नाही?"

"काय?"

"माझ्या हाताला जरा कमी आहे. बोटं बधिर आहेत. मला वाटलं मी जास्त दाबतोय."

"हाताचा काय संबंध?" घोगरा आवाज थोडा वैतागलाच. "अहो, असलं पातं माझ्या हातात दिलंत तरी मेंढी कापेल. तुम्ही दोन मेंढ्या बिनजखमेच्या काढल्यात हेच नवल आहे."

उस्तादानं मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. दगडावर बसल्या बसल्या त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, मग मान पुसली, मग परत तोंड पुसलं. उस्तादिणीनं फोन स्वतःकडे घेतला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"ताई," आता परत ती सावकाश बोलणारी बाई होती, "मी वरती बोललेय. चूक आमची आहे, त्यामुळं मुदत लागू होत नाही. नवीन मशीन पाठवतोय, काका स्वतः नख घालून बघणार आहेत म्हणे. आणि जुनं परत घ्यायला माणूस तिथंच येईल. तुमच्या वस्तीपर्यंत गाडी येते का?"

"रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत येते."

"मग त्याच्याकडं ठेवायला सांगते. आणि त्या मेंढीचं वाईट वाटलं हो. बरी आहे का ती?"

"भरली जखम," उस्तादीण म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. "घरी जा आता तुम्ही," ती म्हणाली. "उशीर झाला असेल."

नवं मशीन आलं, पंक्चरवाल्यानं निरोप धाडला. उस्ताद स्वतः चालत जाऊन घेऊन आला. पहिल्यांदा त्यानं ते घरच्याच मेंढ्यांवर चालवलं. पहिली झाली, दुसरी झाली. मग मशीन तापेपर्यंत त्यानं तसंच हवेत चालू धरून ठेवलं, कानाशी नेऊन ऐकलं, आणि शेजाऱ्याची मेंढी मागून आणली. तीही झाली. लोकर एकसंध उतरली नाही, कडेला थोडी फाटली. पण मेंढी ओरडली नाही.

फार काही बदललं असं नाही. मोठा कळप त्या भावांकडे गेला तो गेलाच. मालक वाटेत भेटला तेव्हा "ऐकलं मी, मशीनच खराब होतं म्हणे" एवढं बोलला आणि पुढे झाला. हंगाम निम्म्याच्या वर सरला होता. मशीन मुठीत धरलं तरी तासाभरानं उस्तादाचं मनगट भरून यायचं, मग बाकीच्या मेंढ्या उस्तादिणीच्याच वाट्याला. तिची कंबर तीच होती, कुसळं तीच होती. रात्री दोघंही ओंडक्यासारखी पडायची. पण आता उस्ताद पडल्या पडल्या काहीतरी बोलायचा. अमक्याचा मेंढा किती माजलाय, तमक्याच्या लोकरीत किती माती निघाली. ती अर्ध्या झोपेत "हं" म्हणायची.

एक दिवस खालच्या वस्तीत काम चालू असताना जेवणाच्या सुट्टीत ती फोन घेऊन तिथल्या उंचवट्यावर गेली. तोच नंबर लावला. तीच गोड आवाजाची बाई, तेच गाणं. मग एका मुलाचा आवाज आला, भराभर बोलणारा.

"नमस्कार, आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. तुमच्याकडं एक ताई आहेत, त्यांच्याशी बोलायचंय."

"नाव काय त्यांचं?"

नाव तिनं विचारलंच नव्हतं. "त्या सावकाश बोलतात," ती म्हणाली. "आणि एक काका आहेत, घोगऱ्या आवाजाचे."

"मॅडम, इथं खूप जण असतात. असं कुणाला जोडून देता येत नाही. तुमचा प्रॉब्लेम काय आहे ते सांगा, मी लिहून घेतो."

"प्रॉब्लेम नाही बाबा. मशीन चांगलं चालतंय. तेच सांगायला फोन केला."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. फोन कटला असं वाटून तिनं कानापासून काढून बघितला. कटला नव्हता.

"हॅलो?"

"हो, आहे," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "सकाळपासून नुसत्या शिव्या खातोय हो मी. काय लिहू, सांगा."

उस्तादीण विचार करत राहिली. खाली मेंढ्यांच्या धुरळ्यात उस्ताद वाकलेला दिसत होता, मशीनची घरघर इथवर येत होती. मग घरघर थांबली. त्यानं उजवा हात दोनदा झटकला, मान वर केली आणि ती कुठं दिसते ते शोधलं. दिसल्यावर त्यानं मशीन डोक्यावर उंच धरून तिला दाखवलं. चार माणसं भोवती उभी असताना मोठ्यानं ओरडला, "ये गं! दमलो मी. पुढची तू घे!"

"लिही," ती फोनमध्ये म्हणाली, "की आमचं दोघांचं काम परत चालू झालंय."

तिनं फोन बंद केला, बाह्या वर सारल्या आणि कंबरेवर हात ठेवून उतरायला लागली.